चाप ओढला, केप फुटली, बार नाही

सिंधुदुर्गात शेतकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक असते ती भातासाठी, नाचणीसाठी, काजूच्या बागेसाठी. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे बहुतेक रात्री या बंदुकीचं काम एवढंच की एक दणदणीत बार काढायचा आणि कळप पांगवायचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्येही पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तोंडाकडून दारू ओतायची, वर गजाने काथ्या ठासायचा, मग छर्रे, पुन्हा काथ्या. मागे निपलावर तांब्याची छोटी केप बसवायची. घोडा केपेवर आपटतो, केप फुटते, तिची ज्योत निपलाच्या भोकातून आणि पुढच्या बारीक वाटेने नळीच्या बुडाशी असलेल्या दारूपर्यंत जाते. बार होतो तो या साखळीतला एकही दुवा न चुकला तर.

खाली बोलणारे मामा आयुष्यभर अशी बंदूक वापरत आले आहेत. भाचा आंबोलीकडचा, सैन्यात शस्त्रदुरुस्तीचं काम करून निवृत्त झालेला. दोघांचं पटत नाही, आणि मला दोघांचंही म्हणणं नोंदवावंसं वाटतं, कारण बार न होणारी बंदूक ही बार होणाऱ्या बंदुकीपेक्षा जास्त धोक्याची असते आणि हे गावोगाव पुरेसं बोललं जात नाही.

मामा: तीनदा चाप ओढला. तिन्ही वेळा केप फुटली, बार नाही. डुकरांनी अख्खा कोपरा नांगरून ठेवला. यंदाच्या केपाच खराब आहेत.

भाचा: केप फुटली ना? आवाज आला, धूर दिसला?

मामा: फुटली म्हणून तर सांगतोय.

भाचा: मग केपेला दोष देऊ नका. तिने तिचं काम केलं. केप फुटलीच नसती तर मी केप बघितली असती, घोडा बघितला असता, कमान बघितली असती. फुटली आणि बार नाही, म्हणजे ज्योत निघाली आणि वाटेत मेली, किंवा पोचली पण तिथली दारू पेटायच्या लायकीची नव्हती.

मामा: वाटेत मेली म्हणजे जोर कमी पडला. दारू जरा वाढवून बघतो.

भाचा: मामा, तेवढं करू नका. न पेटलेली दारू चिमूटभर असो की मूठभर, ती न पेटलेलीच राहणार. आणि ज्या रात्री पेटेल त्या रात्री वाढवलेली सगळी एकदम पेटेल. बरं, तिसऱ्यांदा चाप ओढल्यावर काय केलंत?

मामा: काय करणार? खांद्यावर टाकली आणि घरी आलो.

भाचा: लगेच?

मामा: डुकरं गेली होती. थांबून काय करू?

भाचा: थांबायचं होतं. केप फुटून बार झाला नाही तर खांद्याला लावलेली बंदूक हलवायची नाही. तोंड मोकळ्या रानाकडे, आणि निदान एक मिनिट तसंच उभं राहायचं. ओलसर दारू कधी कधी आत धुमसत राहते आणि थोड्या वेळाने उडते. तोपर्यंत माणसाने नळीत डोकावून बघितलेलं असतं किंवा बंदूक सोबत्याच्या हातात दिलेली असते.

मामा: आमच्या वेळी कुणी मिनिटं मोजली नाहीत.

भाचा: ज्यांचं निभावलं ते आपल्याला भेटतात मामा. ज्यांचं निभावलं नाही ते सांगायला येत नाहीत.

इथे मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूचा आहे. अनुभवाचा आधार मोठा असतो, पण उशिरा उडणारा बार क्वचित होतो आणि क्वचित होणाऱ्या गोष्टीबद्दल एका माणसाचा अनुभव फार काही सांगू शकत नाही.

भाचा: आता बंदूक कुठे आहे?

मामा: माजघरात, दारामागे.

भाचा: भरलेली?

मामा: भरलेलीच असणार. बार कुठे झालाय!

भाचा: एकच बार आहे आत? की पहिल्यांदा न उडाल्यावर घाईत वर आणखी ठासलंत?

मामा: (थोडं थांबून) अंधार होता. दुसऱ्यांदा थोडी दारू घातली असेन.

भाचा: हेच मला ऐकायचं नव्हतं. १८६३ साली अमेरिकेत गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. जवळजवळ अर्ध्यांत दोन-दोन बार ठासलेले, कितीतरी बंदुकांत तीन ते दहा. एकीत तर २३ बार एकावर एक. ही शिकवलेली, कवायत केलेली माणसं होती. गोंधळात शेजाऱ्याच्या बंदुकीचा आवाज तो आपलाच वाटला, आपली उडाली नाही हे कळलंच नाही, आणि पुन्हा ठासत गेले.

मामा: आमच्या शेतात काही लढाई नव्हती.

भाचा: अंधार होता, घाई होती, डुकरं होती. तेवढं पुरतं. म्हणून पहिलं काम खुणेचं. नळी रिकामी आहे याची पक्की खात्री झाली की गज पार बुडापर्यंत घालायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर चर पाडायचा. नेहमीचा एक बार भरून दुसरा चर. मग कधीही गज घातला की बंदूक स्वतःच सांगते: रिकामी, एक बार, की जास्त. माझ्या मते ज्या गजावर या दोन खुणा नाहीत तो गज अपुरा आहे.

मामा: ते करता येईल. पण आता आत आहे ते काढायचं कसं? निपल काढून खाली चिमूटभर बारीक दारू सोडायची आणि उडवून टाकायची, आम्ही असंच करतो.

भाचा: आत नेमका एकच बार आहे आणि तो बुडाशी घट्ट बसलाय हे माहीत असेल, तर ती जुनी रीत आहे हे मी मान्य करतो. तुमच्या बंदुकीत किती आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही. आणि काथ्या अर्ध्यावर अडकला असेल, दारू आणि त्याच्यामध्ये पोकळी राहिली असेल, तर नळी तिथे फुगते किंवा फाटते. म्हणून पाणी. तोंडाकडून पाणी ओतायचं, निपलाच्या बाजूने झिरपेपर्यंत ओतायचं, चांगलं भिजू द्यायचं. दारू मेली की गजाच्या टोकाला पेचाचा आकडा लावून काथ्या, छर्रे, लगदा सगळं ओढून काढायचं. तोंड आपल्या अंगापासून दूर ठेवूनच.

मामा: म्हणजे दारू फुकट.

भाचा: दारू फुकट.

मामांना हे जड गेलं, आणि ते मला समजतं. परवान्यावर दारू किती आणि केपा किती घ्यायच्या ते लिहिलेलं असतं, ती मिळवायला तालुक्याच्या फेऱ्या होतात. तरीही एका बाराची दारू आणि एक नळी यांत निवड करायची झाली तर ती अवघड नाही.

बंदूक रिकामी झाल्यावर खरा शोध सुरू होतो. इथे मामांनी मांडलेला एक मुद्दा मला बरोबर वाटला.

मामा: मला एक सांग. चकमकीच्या बंदुका ओल्या हवेत चालत नव्हत्या म्हणून तर केप आली. मग केपेच्या बंदुकीने असा दगा का द्यावा?

भाचा: ती आली ती पक्ष्यांमुळे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ पाणपक्ष्यांची शिकार करायचे. चकमकीची ठिणगी पडून रंजक पेटली की तो भडका पक्ष्यांना आधी दिसायचा आणि गोळी पोचेपर्यंत ते निसटायचे. म्हणून त्यांनी आघाताने पेटणारं रसायन वापरून नवी कळ केली, १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. तांब्याची केप त्यानंतर काही वर्षांनी आली. पुढे १८३४ मध्ये ब्रिटिशांनी वूलिचला दोन्ही प्रकार ताडून पाहिले, प्रत्येकी ६,००० फैरी, सगळ्या प्रकारच्या हवेत. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा उडाल्या नाहीत. केपेच्या फक्त ३६ वेळा.

मामा: म्हणजे दीडशे-पावणेदोनशेत एकदा. मी काय म्हणत होतो?

भाचा: तुमची तीनात तीनदा उडाली नाही. म्हणजे दोष केपेच्या बंदुकीचा नाही, या एका बंदुकीचा आहे. पण पावसाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. १८४१ मध्ये चीनमधल्या कँटनजवळ ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात सापडली. चकमकीच्या बंदुका भिजून निकामी, चहूकडून माणसं चालून आलेली. केपेच्या बंदुका घेतलेले मरीन सैनिक पोचले तेव्हा त्या शिपायांची सुटका झाली. आपल्याकडची माणसं होती ती, दक्षिणेतली.

मामा: मग आता माझ्या बंदुकीकडे ये.

भाचा: नळी रिकामी आहे हे गजाने बघितलंत? ठीक. नुसती केप बसवा. नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाशी आणा. चाप ओढा. पान हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर तुंबलेली.

पान हललं नाही. दुसऱ्या केपेलाही नाही. निपलाच्या बुडाशी मात्र एक काळपट, तेलकट थेंब जमला.

भाचा: निवडणुकीत बंदूक जमा केली होतीत ना? देण्यापूर्वी काय केलंत?

मामा: तेल घातलं. भरपूर. आचारसंहिता उठेपर्यंत गंजू नये म्हणून नळीत सोडलं, वरूनही चोपडलं. नव्हतं घालायचं?

भाचा: घालायचं होतं. पण तेल घातलेली बंदूक दस्त्यावर उभी राहते, तोंड वर. जमा केली तिथेही तशी आणि आल्यावर तुमच्या दारामागेही तशीच. सगळं तेल नळीच्या भिंतींवरून उतरून बुडाशी साचतं, तिथून निपलाच्या वाटेत शिरतं. वर जुनी काजळी असली की दोन्ही मिळून चिखल होतो. तुम्ही दारू ओतलीत ती त्या चिखलावर. तळची दारू तेल पिऊन बसली. केपेची ज्योत तिथपर्यंत पोचली असती तरी पेटवणार काय?

मामा: म्हणजे तेलानेच घात केला.

भाचा: तेल घालून पुसलं नाही त्याने केला. पातळ हात पुरतो. ठेवताना तोंड खाली, खाली एक फडकं. आणि भरण्याआधी कोरड्या चिंधीने नळी पुसायची, निपल काढून बारीक तार फिरवायची, मग एक-दोन नुसत्या केपा फोडायच्या. पान हललं की भरायचं.

इथपर्यंत भाचा पुढे होता. पुढे सफाईचा विषय निघाला आणि पारडं फिरलं.

भाचा: आता ही नळी मी आमच्याकडच्या सॉल्व्हंटने साफ करतो. पाण्याचा थेंब लावायचा नाही. लोखंड आहे ते.

मामा: आमचे बाबा कढत पाणी घालायचे. निपल काढून नळीचं बूड बादलीत. गजाला चिंधी बांधून वर-खाली, वर-खाली. पाणी काळं यायचं, मग करडं, मग स्वच्छ. शेवटी चुलीवरचं उकळतं पाणी एकदा आरपार. नळी हातात धरवत नसे इतकी तापायची. मग कोरडी चिंधी आणि वरून मुठेल तेलाचा हात.

भाचा: आणि गंज?

मामा: तापलेली नळी आपली आपण सुकते. गंजली नाही कधी. गंजली ती मी पाणी सोडून गॅरेजमधलं तेल घालायला लागल्यापासून.

मामांचे वडील बरोबर होते, आणि का बरोबर होते ते सांगायला हवं. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. उरलेला निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो, काही धुरातून बाहेर जातो, काही नळीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात, कार्बोनेट आणि सल्फेट. हे पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेल त्यांच्यावर नुसतं पांघरूण घालतं, आणि खनिज तेल काजळीशी मिसळलं की डांबरासारखा थर धरतो. कार्बोनेट तर हवेतलं पाणी ओढून घेतं. आंबोलीला वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्याकडे त्याहून कमी, पण हवा दोन्हीकडे ओलीच. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तसे हे क्षार नळीत पाझरतात आणि लोखंड खातात. जुन्या प्रकारच्या केपांत पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं जळून क्लोराइड होतं आणि तेही मिठासारखंच गंज आणतं. त्यालाही उपाय पाणीच.

भाचा: (थोड्या वेळाने) थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काळातले जुने लोक सांगायचे, फैरी झाल्या की नळीत नरसाळ्याने कढत पाणी ओतायचं, मग तेल. आम्हाला पुढे गंज न आणणारी काडतुसं मिळाली, ते विसरलं गेलं. इथे पाणीच बरोबर आहे. फक्त दोन गोष्टी. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, आणि घोड्याची कळ पाण्यात बुडवायची नाही, ती काढून वेगळी पुसायची. आणि दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवायची. लालसर आली तर तेलाचा हात पुन्हा.

मामा: हे बाबाही करायचे. दुसऱ्या दिवशीची चिंधी.

भाचा: निपल मात्र बदला. भोक मोठं झालंय. प्रत्येक बाराला ज्योत त्यातून जाते आणि ते झिजवते. भोक वाढलं की बार होताना मागे झोत येतो, घोडा उचलला जातो, केपेचे तुकडे डोळ्याकडे उडतात. वरचं टोकही चेपलंय बघा. पोरं रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत असतील.

मामा: नातू खेळतो.

भाचा: घोडा उघड्या निपलावर आपटला की टोक पसरतं. मग केप पूर्ण खाली बसत नाही. पहिल्या आपटीत ती नुसती खाली सरकते, फुटते दुसऱ्या आपटीत. असं झालं की लोक म्हणतात केप खराब. आणि नातवाच्या हाती ही लागतेच कशी, ते आपण वेगळं बोलू.

मामा: बोल. मला ते मान्य आहे. उद्यापासून कुलपात.

भाचा: नवं निपल आटे जुळवूनच बसवायचं. जवळपासचं निपल पिळून बसवलं तर ते बारासरशी मागे उडून येईल. आणि नळीच्या बुडाचं बूच घरी उघडायचं नाही, कितीही साफ करावंसं वाटलं तरी. ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं काम. शेवटचं, काडतूस फोडून त्यातली दारू या बंदुकीत कधीही, एकदाही घालायची नाही.

मामा: वाडीत एक जण घालतो. म्हणतो धूर कमी होतो.

भाचा: धूर कमी होतो, दाब कितीतरी पट चढतो. ही नळी काळ्या दारूसाठी केलेली आहे. त्याला आजच जाऊन सांगा. उद्या नको.

यानंतर जो वाद झाला तो मिटला नाही.

मामा: सगळं ऐकलं. पण रात्री बंदूक रिकामी ठेव म्हणशील तर ते होणार नाही. डुक्कर सांगून येत नाही. हंगामात ती भरलेली हवी.

भाचा: भरलेली राहिली तर आपल्या हवेत दारू ओल धरते. चार दिवसांनी तुम्ही पुन्हा इथेच येऊन बसाल, पुन्हा केपेला शिव्या द्याल. आणि घरात भरलेली बंदूक, नातू खेळतो तिथे.

मामा: केप काढून ठेवतो.

भाचा: केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. ती दुसऱ्याला रिकामी वाटते, एवढंच होतं. एकेका बाराची दारू मोजून वेगवेगळ्या बांबूच्या नळकांड्यांत भरून ठेवा, बूच लावून, कोरड्या जागी. काथ्याच्या गोळ्या तयार. सुका गज भिंतीला. बार भरायला अर्धा मिनिट लागेल.

मामा: अर्ध्या मिनिटात अर्धा कोपरा जातो.

भाचा: गेल्या खेपेला तीन केपा फोडूनही पूर्ण कोपरा गेला.

मामा: तू शेत राखलेलं नाहीस.

भाचा: नाही राखलं. बंदुका मात्र बऱ्याच उघडल्या आहेत.

मामांची अडचण खोटी नाही. मचाणावर रात्र काढणाऱ्या माणसाला अर्धा मिनिट ही लांब गोष्ट असते. त्यांनी मध्यम मार्ग सुचवला: मचाणावर जाताना भरायची, पहाटे उतरण्यापूर्वी मोकळ्या रानाकडे तोंड करून उडवून टाकायची, घरात भरलेली कधी आणायची नाही. भाच्याला तेही पुरेसं वाटलं नाही, कारण पावसाच्या रात्री मचाणावरही दारू ओलावते. मला मामांची सूचना ग्राह्य वाटते, एका अटीवर: पहाटेचा बार खरोखर काढायचा, आणि त्यानंतर आंघोळीच्या पाण्याबरोबर बंदुकीचंही पाणी चुलीवर चढवायचं. दारू वाचवण्यासाठी तो बार टाळला की सगळं मुसळ केरात.

मामा: बार काढला की रोज धुवायची?

भाचा: ज्या दिवशी बार काढला त्या दिवशी धुवायची. उद्यावर टाकली की उद्या गंज.

मामा: बरं. निपल काढायची ती चावी माझ्याकडे नाही. पकडीने काढत आलोय.

भाचा: म्हणूनच त्याच्या कडा गोल झाल्यात. दुरुस्तीवाल्याकडे निपल घ्याल तेव्हा त्याच मापाची चावी मागा. परवाना सोबत न्या, आणि बंदूक नेताना रिकामी न्या, गज घालून बघून.